हे कधी संपतं का हो?

बायबल स्टडी संपत आली होती, कोणी चष्मा काढून पुसत होतं, कोणी हळूच मोबाईल बघायला लागलं होतं, आणि मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. बाप्तिस्मा होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. पाळकांनी मान हलवली तसा तो उभा राहिला आणि पाळकांना न विचारता पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही एवढी वर्षं विश्वासात आहात, तर हे कधी संपतं का हो?" हे म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही, पण खोलीत सगळ्यांना कळलं असणार, कारण चष्मे पुसणारे हात थांबले. एक काका म्हणाले, "बाळा, प्रभूला पूर्ण शरण गेलास की संपतं. माझं संपलं." आणि त्यांनी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन दिलं, जो देवापासून जन्मलेला आहे तो पाप करत नाही. दुसरे काका लगेच म्हणाले, "छे, देहात आहोत तोवर हे चालायचंच, वर गेल्यावर सुटका," आणि त्यांनीही योहानाच्या पहिल्या पत्रातलंच वचन दिलं, आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो. पोरगा "हं" म्हणाला. खाली बसला, बायबलच्या कव्हरची चेन अर्धी लावली, परत उघडली, परत लावली. मग शेवटची प्रार्थना झाली आणि सगळे उठले.

ते "हं" माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मी त्या पोराच्या जागी बसून ऐकलं तर मला दोन्ही उत्तरांनी काहीच मिळालं नसतं, उलट होतं ते गेलं असतं. पहिलं उत्तर सांगतं की तुझं संपलं नसेल तर तुझी शरणागतीच खोटी, मग कदाचित तारणही खोटं. दुसरं सांगतं की लढून काय करतोस, कोणाचंच संपत नाही. एक त्याला घाबरवतं आणि दुसरं त्याला झोपवतं. आणि मजा बघायची नाहीये मला त्या दोघा काकांची, दोघंही प्रार्थनेची माणसं आहेत, दोघांनीही मनापासून सांगितलं. म्हणूनच जास्त लागलं.

ही दोन्ही उत्तरं मी आळीपाळीने जगून बघितलीयत. तरुणपणी विजयी जीवनाच्या कॅम्पला जायचे मी, शेवटच्या संध्याकाळी गाणी म्हणून म्हणून घसे बसलेले असायचे, पुढे या म्हटल्यावर अर्धी खोली पुढे यायची, गुडघे टेकलेल्या जागी सतरंजीची वीण गुडघ्यांवर उठायची आणि डोळ्यांतून पाणी थांबायचं नाही. त्या अश्रूंना मी आजही खोटं म्हणणार नाही. पण घरी आल्यावर बहिणीने न विचारता माझं काही उचललं की तोंडातून जे निघायचं ते कॅम्पच्या आधी निघायचं तेच असायचं, आणि मग प्रश्न, की देवाला केलेलं स्वतःचं अर्पण पूर्ण झालं नव्हतं का? काही राखून ठेवलं होतं का? रोप रुजलं का ते बघायला रोज उपटावं तसं मी माझं अर्पण रोज उपटून बघायचे. नंतर कधीतरी वाचलं की हे माझ्या एकटीचं दुखणं नव्हतं. इंग्लंडमधल्या केझिक गावात 1875 पासून दरवर्षी ज्या मोठ्या सभा भरायला लागल्या तिथून ही शिकवण जगभर गेली, की स्वतः झगडणं सोड, स्वतःला पूर्ण देवाच्या हवाली कर, तो तुझ्यातून विजय मिळवेल. तिने कित्येकांना खरंच उभारी दिली, पण 1940च्या दशकात ऑक्सफर्डला शिकणारा जे. आय. पॅकर नावाचा तरुण, जो पुढे मोठा ईश्वरविज्ञानी झाला, तो याच शिकवणीने जवळजवळ वेडापिसा झाला होता. परत परत अर्पण करायचा आणि परत परत तिथेच. त्याला सावरलं ते तीनशे वर्षं जुन्या जॉन ओवेन या इंग्लिश पाळकाच्या लिखाणाने. ओवेनने 1656 मध्ये रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातल्या तेराव्या वचनावर एक छोटं पुस्तक छापलं होतं, विषय एकच, पाप ठार मारणं, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं की हे मारणं एका संध्याकाळचं काम नसून विश्वासणाऱ्याचं आयुष्यभराचं रोजचं काम आहे, तू थांबलास तर ते थांबणार नाही. पॅकरला याने धीर का आला असेल ते मला पक्कं कळतं. तू झगडतोयस म्हणजे तुझं काहीतरी चुकलंय असं आजवर सगळे सांगत होते, आणि हा जुना माणूस म्हणत होता की झगडतोयस म्हणजेच तू जिवंत आहेस.

मग वय वाढल्यावर दुसरं उत्तर आलं, आणि ते आल्याचं कळतही नाही कारण ते समजूतदारपणाच्या कपड्यांत येतं. सगळेच पापी, कृपा आहे ना, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. यात सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचं नाव हमखास घेतलं जातं, की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. म्हणाला तो तसं, आणि बरोबरच म्हणाला. पण त्याच ल्यूथरने 1517 मध्ये जे पंच्याण्णव मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे, की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्ताप असावं अशी प्रभूची इच्छा आहे. अख्खं आयुष्य पश्चात्ताप म्हणजे अख्खं आयुष्य वळत राहणं, जागेवर बसून राहणं नव्हे. त्याचं पहिलं वाक्य उचलायचं आणि हे दुसरं सोडून द्यायचं, हे मला आता सहन होत नाही.

आता देह म्हणजे नक्की काय याबद्दल थोडं, कारण माझा सगळ्यात मोठा वाद इथेच आहे. बायबलमध्ये या शब्दाचा अर्थ नुसतं शरीर नाही, माणसातला पापाकडे ओढणारा स्वभाव असा आहे. त्या दिवशी "हे कधी संपतं" म्हटल्यावर खोलीतल्या बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट आली असणार, तरुण मुलगा आहे म्हणजे वासना, मोबाईल, रात्री. असेलही. पण प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाची कर्मं म्हणून जी यादी दिलीय ती एकदा बोट ठेवून वाचा. जारकर्म, अशुद्धपणा, कामातुरपणा, मूर्तिपूजा, चेटके, वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा, दारूबाजी, रंगेलपणा. पंधरा नावं. त्यातली तीन शरीरसंबंधातली, दोन देवाशी बेइमानीची, दोन नशा आणि धिंगाण्याची. आणि मधली आठच्या आठ माणसामाणसांतली, वैरापासून हेव्यापर्यंत. अर्ध्याहून जास्त यादी अशी आहे की जी स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून, वेळेवर उपासनेला येऊन, दशांश देऊन, आरामात करता येते. मंडळीच्या कमिटीत दोन गट पडतात तेव्हा देह जितका जोरात असतो तितका तो कुठल्याही अंधाऱ्या खोलीत नसतो. पण साक्ष द्यायला उभं राहून कोणी असं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही, की प्रभूने मला पक्षभेदातून सोडवलं. "माझं संपलं" म्हणणाऱ्या काकांना मी खोटं ठरवत नाही, त्यांचं जे संपलं ते खरंच संपलं असेल, फक्त त्यांनी यादीतली पहिली तीन आणि शेवटची दोन नावं तपासली आणि मधलं पान उलटून गेले असं मला वाटतं.

शरीराला चेपलं की देह मरेल ही समजूत तर फार जुनी. कलस्सैच्या मंडळीत पौलाच्या काळीच लोक सांगत होते की याला हात लावू नको, ते चाखू नको, आणि पौल म्हणाला की हे दिसायला शहाणपणाचं दिसतं पण देहाच्या लालसेपुढे याचा काडीचा उपयोग नाही. तरी पुढे चौथ्या शतकात हजारो माणसं इजिप्तच्या वाळवंटात गेली, भांडायला शेजारी नाही, बघायला बाजार नाही. त्यांच्यात राहून आलेल्या योहान कॅसियनने एक आठवण लिहून ठेवलीय जी मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटते. तो म्हणतो की एकांतात राहत असताना मला राग यायचा तो लेखणीवर, ती फार जाड किंवा फार बारीक निघाली म्हणून, चाकूवर, त्याची धार बोथट म्हणून, गारगोटीवर, ठिणगी पटकन पडली नाही म्हणून. माणूस उरला नाही तर दगडावर! त्याचा निष्कर्ष असा, की माणसांपासून लांब गेल्याने राग जात नाही, फक्त त्याला बाहेर यायला निमित्त मिळत नाही. मला ती गारगोटी अगदी दिसते, थंडीत काकडलेले हात, तिसऱ्यांदा चौथ्यांदा घासतोय, ठिणगी नाही, आणि त्या एवढ्याशा दगडाला शिवी हासडून तो भिरकावून द्यायला उठलेला तो देवाचा माणूस.

मागे फॅमिली ग्रुपवर कोणीतरी माझ्याबद्दल एक वाक्य टाकलं. नाव न घेता, पण माझ्यासाठीच. मी उत्तर टाईप केलं. चांगलं जमलं होतं, नेमकं, सभ्य शब्दांत, आणि जिथे लागायचं तिथेच लागलं असतं. अंगठा सेंडच्या बाणावर होता आणि मला स्पष्ट जाणवत होतं की छातीत काहीतरी गोड गोड होतंय, राग कडू असतो म्हणतात पण त्या क्षणी तो गोड असतो, आणि त्याच वेळी आतून कोणीतरी म्हणत होतं की पुसून टाक. आवाज नाही, दर्शन नाही, नुसता एक खेच. मी पुसलं. एकेक अक्षर मागे जाताना बघितलं. पण रात्री अंथरुणात पडल्यावर तेच वाक्य डोक्यात परत तयार झालं, पहिल्यापेक्षा चांगलं, आणि पहाटेपर्यंत त्याच्या तीन चार आवृत्त्या निघाल्या. आता हा विजय की पराजय? याकोब म्हणतो, वासना आधी गर्भवती होते मग पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरणाला. म्हणजे मधे जागा आहे. त्या जागेत पवित्र आत्मा उभा राहिला हे मी अनुभवाने सांगू शकते, कारण माझ्या स्वभावाने मी ते वाक्य पाठवणारीच होते. आणि देह मेलेला नव्हता हेही त्याच रात्रीने सांगितलं. गलतीकरांच्या त्याच पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की आत्म्याच्या प्रेरणेने चाला म्हणजे तुम्ही देहवासना पूर्ण करणार नाही. पूर्ण करणार नाही. वासना येणारच नाही असं तो म्हणत नाही, लगेच पुढच्या वाक्यात तर सांगतो की देह आत्म्याविरुद्ध आणि आत्मा देहाविरुद्ध उभे आहेत. वचन एवढंच आहे आणि ते एवढं असणं मला खूप मोठं वाटतं.

गलतीकरांच्या या पत्रातच येशूचा शिष्य पेत्र याचीही गोष्ट आहे, जी आपण घाईघाईने वाचतो. पेत्राचं दुबळेपण कुठलं? माणसांचं भय. महायाजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी, एका दासीपुढे तो घाबरला, तीनदा नाही म्हणाला, कोंबडा आरवला, रडला. मग प्रभू उठला, पेन्टेकॉस्टला आत्मा आला, आणि तोच पेत्र हजारोंपुढे उभा राहिला, ज्या सभेने प्रभूला दोषी ठरवलं त्याच सभेपुढे म्हणाला की आम्ही पाहिलं ऐकलं ते बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. इथे गोष्ट थांबली असती तर पहिल्या काकांचं म्हणणं सिद्ध झालं असतं. पण अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून काही माणसं आली, आणि हा ताटावरून उठून वेगळा झाला. का? पौल कारण लिहितो, सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहुद्यांच्या भयामुळे. तेच भय. शेकोटीजवळचंच. आत्म्याने भरलेल्या प्रेषिताच्या आत ते इतकी वर्षं शिल्लक होतं, त्याने बर्णबालाही सोबत ओढलं, आणि पौलाला तोंडावर सुनवावं लागलं. आणि तरी दुसऱ्या काकांचं म्हणणंही सिद्ध होत नाही, कारण मंडळीची जुनी परंपरा सांगते की नीरोच्या काळात रोममध्ये पेत्र वधस्तंभावर गेला आणि त्याने प्रभूला नाकारलं नाही. अंत्युखिया मधे आहे म्हणून मला पेत्राचा शेवट खरा वाटतो.

रोमकरांच्या सातव्या अध्यायावर विद्वान दोन हजार वर्षं भांडतायत, की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, नको असलेलं वाईट तेच करतो, हे म्हणणारा माणूस विश्वासात यायच्या आधीचा की नंतरचा. चौथ्या-पाचव्या शतकातला मोठा ख्रिस्ती शिक्षक ऑगस्टीन, त्याचंच मत आयुष्यात बदललं, आधी तो म्हणायचा हा कृपेबाहेरचा माणूस, म्हातारपणी म्हणाला नाही, हा प्रेषित स्वतःबद्दलच बोलतोय. ऑगस्टीनला अधिकार होता हे बोलायचा. 386 मध्ये मिलानच्या बागेत त्याने रोमकरांच्या तेराव्या अध्यायातली दोन वाक्यं वाचली आणि ज्या शरीरवासनेने त्याला तरुणपणापासून बांधून ठेवलं होतं ती सुटली, त्या जुन्या जगण्यात तो परत गेला नाही, हे खरं घडलं. आणि दहा बारा वर्षांनी बिशप असताना तोच लिहितो की झोपेत जुनी चित्रं अजून येतात, आणि लोकांनी केलेली स्तुती मला अजून आवडते, किती आवडते ते मलाच नीट कळत नाही. एक साखळी तुटली, बाकीच्यांबद्दल तो देवाशी बोलत राहिला. मला स्वतःला वाटतं की पौल विश्वासणाऱ्याचंच बोलतोय, निदान मी तरी तो अध्याय कधी त्रयस्थासारखा वाचू शकलेले नाही. हे पत्र पौलाने तोंडी सांगितलं आणि तर्तिय नावाच्या भावाने लिहून घेतलं, शेवटी त्याचं नाव आहे. "किती मी कष्टी माणूस!" हे पौलाच्या तोंडून निघालं तेव्हा तर्तियाची लेखणी थांबली असेल का? त्याने वर बघितलं असेल का, की हे लिहू का खरंच, रोमच्या मंडळीने तुम्हाला अजून बघितलेलंही नाही? पण लिहिलं. आणि अध्याय आपण पाडलेत, 13व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूने, पौलाच्या पत्रात तिथे जागा सोडलेली नव्हती. कष्टी माणसाचा आक्रोश आणि "म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही" यांच्यामध्ये जेमतेम दोन ओळी आहेत. आपण सातवा अध्याय एका रविवारी वाचतो आणि आठवा पुढच्या, आणि मधला आठवडा पोरं कशी काढतात कोण जाणे.

माझी आत्या तरुणपणी विधवा झाली. मोठ्या दिराने कुठल्या कुठल्या कागदांवर तिच्या सह्या घेतल्या आणि ती दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडली. तिचं बायबल आता माझ्याकडे आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाशेवटी, जिथे सगळं कडूपण, संताप, क्रोध दूर करून एकमेकांना क्षमा करा असं आहे, तिथे समासात बारीक बारीक फुल्या आहेत. निळ्या शाईच्या, काळ्या, काही पेन्सिलच्या, एक हिरवी सुद्धा, मुलांच्या कंपासपेटीतलं पेन असणार. एके ठिकाणी पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर पुरळ उठल्यासारखं हाताला लागतं. मी एकदा विचारलं होतं तिला हे काय, तर म्हणाली, "अगं माफ केलं त्याला मी मागेच. पण राग दरवेळी नवा येतो, मग मलाही नव्याने करायला लागतं." तेव्हापासून मला वाटतं की प्रभू पेत्राला सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर म्हणाला ते तेवढे वेगळे अपराध असतीलच असं नाही, एकच अपराध असेल, तेवढ्यांदा आठवणारा. आत्याच्या त्या फुल्यांकडे बघून कोणी म्हणेल बाईला जमलं नाही, एवढ्यांदा करावं लागलं. मी म्हणते एवढ्यांदा करता येणं हेच जमणं. पुढे त्या दिराला अर्धांगवायू झाला. एका संध्याकाळच्या प्रार्थनेत ती शेजारपाजारच्या आजाऱ्यांची नावं घेत होती आणि त्यातच त्याचंही नाव आलं, ना आवाज बदलला ना ती थांबली, पुढच्या नावाकडे गेली. मी डोळे उघडून बघितलं. तिला काही झाल्याचं कळलंच नव्हतं! शेवटपर्यंत ती स्वतःला रागीट बाई म्हणायची आणि आम्ही कोणी तिला राग आलेला बघितल्याला कितीतरी वर्षं झालेली होती. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीने आयुष्यभर शिकवलं की याच जन्मात माणसाचं मन प्रीतीने पूर्ण भरू शकतं, लोक त्याच्यावर तुटून पडले, आणि स्वतःबद्दल मात्र तो सरळ लिहून गेला की मी तिथे पोचलेलो नाही. पूर्वी मला हे विसंगत वाटायचं. आत्याला बघितल्यावर नाही वाटत.

आणि योहानाचं ते पत्र, दोन्ही काकांचं. दोन्ही वचनांच्या मधे, दुसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच, म्हाताऱ्या योहानाने मुलांनो अशी हाक मारून लिहिलंय की तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो, आणि जर कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. करू नये, हे पहिलं. केलंच तर, हे दुसरं. क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचा आधार घेऊन पहिलं सैल करायचं नाही आणि पहिल्याच्या धाकाने दुसरं लपवायचं नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीला लागूनच ऋणांची क्षमा मागायची आहे आणि त्याला लागूनच वाइटापासून सुटका. रोज भूक लागणार हे त्याला माहीत होतं तसं तेही माहीत होतं, आणि सुटका मागायला सांगितली म्हणजे ती द्यायची त्याची तयारीही होती.

एका गोष्टीपाशी मात्र मी अजून अडते. आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते, दारू सुटायची, परत लागायची. शेवटच्या बाकावर दाराशी बसायचे. प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्यापर्यंत आला की ज्या आठवड्यात प्यायलेले नसत तेव्हा घेत, नाहीतर दोन्ही हातांनी जपून धरून पुढच्याला देत, ओठाला न लावता, आणि मान खाली. महिनोन् महिने चांगले जायचे, मग तो प्याला एखाद्या रविवारी तसाच पुढे जायचा. लिव्हरने गेले. अंत्यविधीला सगळे त्यांच्या मदतीच्या स्वभावाबद्दल बोलले, आणि पायऱ्या उतरताना कोणीतरी म्हणालं, "जिंकला नाही बिचारा शेवटपर्यंत." पौलाच्या यादीत दारूबाजी आहे आणि यादीच्या शेवटी ताकीदही आहे, की अशी कर्मं करत राहणाऱ्यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळणार नाही. ते वाक्य मी खोडणार नाही, तो अधिकार मला नाही. पण त्यांना दारूची ओढ होती आणि मला ती एक दिवसही नव्हती, तर मग मी दारू प्यायले नाही हा माझ्या खात्यातला विजय कसा काय? माझी लढाई मधल्या आठांत आहे आणि तिथे मी त्यांच्याइतक्या वेळा उठलेय का? मान खाली घालून माझ्या हेव्यासाठी मी कधी प्याला पुढे सरकवलाय का? ते दर वेळी परत येऊन दाराशी बसले. ज्याच्यावर पापाची सत्ता पूर्ण चालते तो परत येऊन बसत नाही, असं मला वाटतं, आणि आठव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत दंडाज्ञा नाही असं लिहिणाऱ्या देवावर मी त्यांना सोडून दिलंय. तरी ते मधले दारूविना गेलेले महिने अजून लांबले असते तर, आम्ही कोणी त्यांच्या बाकावर जाऊन बसलो असतो तर, हे मनात येतच राहतं. याकोब म्हणतो आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे निरोगी व्हाल. एकमेकांजवळ म्हणजे दोन्ही बाजूंनी. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो. आमचं त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यापासून बायबल स्टडीला गलतीकरांस पत्र घ्यायचं ठरलंय. पाळकांना मी सांगून ठेवलंय की पाचव्या अध्यायाला पोचलो की यादी सगळ्यांनी मोठ्याने वाचायची, मधली आठ नावं सावकाश, आणि त्या दिवशी वेळेवर संपवायची घाई करायची नाही, ज्याला आपलं नाव घेऊन सांगायचंय त्याला सांगू द्यायचं, वयाने मोठ्यांनी आधी. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग मलाच सुरुवात करायला लागेल, ताई." मी म्हटलं, हो, आणि तुमच्यानंतर मी.